पडद्यावर आलेल्या पहिल्या मायलेकी

आज विषय सिनेमाचा आहे, पण हातातलं काम टाकून बसायची गरज नाही. लसूण सोलता सोलता, शेंगा फोडता फोडता ऐका.

विषय कसा सुचला ते आधी सांगतो. मागे कांद्याच्या रोपावर बोलायला आम्ही गटातल्या एका ताईंना बोलावलं होतं. बी कधी टाकायचं, वाफ्याला पाणी कसं द्यायचं, रोप पिवळं पडायला लागलं तर आधी काय बघायचं, ताई अशा बोलल्या की आम्ही मधे प्रश्न विचारायचं विसरलो. रेकॉर्डिंग संपलं, आणि दारात चपला घालताना त्या हळूच म्हणाल्या, "नाव सांगा बाई, पण आडनाव काढून टाका. घरी आवडायचं नाही." आम्ही काढलं. कार्यक्रम लागला, लोकांनी ऐकला, आणि चार गावांतून विचारणा झाली, या बाई कोण? आम्ही गप्प.

रेडिओवर तर तोंडही दिसत नाही. नुसता आवाज. त्या आवाजापुढे आडनाव लावायची आज इतकी धास्ती, तर शंभर वर्षांपूर्वी ज्या बाईने सगळ्यांपुढे तोंड दाखवलं, तिचं काय झालं असेल? अशी बाई होती, एक नाही, दोन होत्या. आई आणि लेक. आणि ही गोष्ट लांबची नाही, आपल्या नाशकातली आहे. सायखेड्याहून बाजाराला, दवाखान्याला, कोर्टाला आपण ज्या नाशकात जातो, तिथे १९१३ साली दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. आपल्या देशात तयार झालेल्या कथापटात बाईचं काम बाईने केलं, ते तिथे पहिल्यांदा.

आता तुम्ही म्हणाल, त्याआधी बाईचं काम कोण करायचं? पुरुष. नाटकात तर तीच रीत होती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला सीतास्वयंवराचा खेळ केला, तेव्हापासून सीता काय, द्रौपदी काय, लुगडं नेसून पुरुषच उभे. पुढे बालगंधर्वांनी तर शालू कसा नेसावा, गजरा कसा माळावा हे चांगल्या घरच्या बायकांना शिकवलं असं लोक कौतुकाने सांगतात. बालगंधर्वांचं गाणं मोठंच, त्याबद्दल दुमत नाही. पण बाईने कसं दिसावं हे बाईला पुरुषाने दाखवायचं आणि बाईने मात्र स्टेजवर यायचं नाही, ही गंमत आम्हाला जरा टोचते.

दादासाहेब फाळके तुम्हाला माहीत आहेत. त्र्यंबकेश्वरचे. जन्म ३० एप्रिल १८७०. त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला आणि तो ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी लागला. हरिश्चंद्र म्हटला की तारामती आलीच. तारामतीसाठी दादासाहेबांनी बाई शोधली. जाहिराती दिल्या. नाटकातल्या, गाण्याबजावण्यातल्या बायांकडे विचारणा केली. शेवटी ज्या वस्तीत कोणी उघड जात नाही तिथेही ते गेले. तिथल्या बायांनीही नकार दिला. ज्यांना समाजाने आधीच बाहेर काढलं होतं, त्यांनाही सिनेमात जाणं कमीपणाचं वाटलं! शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके सापडले. नाजूक बांधा, हात लहान. त्यांना १० रुपये पगार होता, दादासाहेबांनी १५ देऊ केले, आणि हिंदुस्थानच्या पडद्यावरची पहिली तारामती तयार झाली.

इथे जरा थांबून एका बाईंचं नाव घेतलं पाहिजे, कारण ते घेतल्याशिवाय पुढे जाणं आम्हाला बरं वाटत नाही. सरस्वतीबाई फाळके. दादासाहेबांची बायको. सिनेमाला पैसा पाहिजे म्हणून यांचे दागिने गहाण पडले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून दादासाहेबांनी आधी कुंडीत वाटाणा लावून त्याला कोंब फुटतो, वेल वाढतो, त्याची छोटी फिल्म केली होती. त्या कुंडीशेजारचा संसारही सरस्वतीबाईच करत होत्या. फिल्मच्या पट्टीला कडेने भोकं पाडायची, ती अंधारात. रसायनं कालवायची. उन्हाचा कवडसा नटाच्या तोंडावर पडावा म्हणून पांढरी चादर धरून उन्हात उभं राहायचं. आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, तो वेगळाच. आज एवढ्या कामाला दहा-बारा माणसं लागतात आणि सिनेमाच्या शेवटी प्रत्येकाचं नाव येतं. त्यांचं आलं नाही. तारामतीचं काम तुम्हीच करा असं दादासाहेबांनी त्यांनाही विचारलं होतं म्हणतात, आणि त्यांनी नाही म्हटलं, कारण त्या उभ्या राहिल्या तर बाकीचं कोण बघणार? हे वाचलं तेव्हा आमच्यातल्या दोघी-तिघी एकदम हसल्या. हे उत्तर आपण सगळ्याच जणी रोज देतो.

हरिश्चंद्र चालला. दादासाहेबांनी बिऱ्हाड मुंबईहून नाशकाला हलवलं. दुसरा चित्रपट नळ-दमयंतीचा करायचं ठरलं, पण ते काम लांबलं आणि त्याऐवजी 'मोहिनी भस्मासुर' हाती घेतला.

भस्मासुराची गोष्ट कीर्तनात ऐकलेली आहेच तुम्ही. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म होईल, असा वर त्याने शंकराकडून घेतला आणि शंकराच्याच मागे लागला. मग विष्णूने मोहिनीचं रूप घेतलं, नाचता नाचता मोहिनीने आपला हात आपल्याच डोक्यावर ठेवला, तिच्या नादात त्यानेही ठेवला आणि भस्म झाला. म्हणजे सगळा खेळ मोहिनीवर. ती नाचायला पाहिजे, तिचा हात, मान, डोळा बोलायला पाहिजे, कारण तो जमाना मूकपटाचा. आवाज नाही, गाणं नाही. जे सांगायचं ते अंगाने सांगायचं.

त्याच सुमारास नाशकात चित्ताकर्षक नाटक मंडळीचा मुक्काम होता. ही गोखले मंडळींची फिरती कंपनी. आज या गावी, पंधरा दिवसांनी त्या गावी. बैलगाडीत पडदे, पेट्या, कपडे, भांडीकुंडी, पोरंबाळं. या कंपनीत दोन बाया काम करत होत्या, दुर्गाबाई आणि कमला. दादासाहेबांनी कंपनीकडे त्यांची मागणी केली. त्या आल्या. दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि कमला मोहिनी. कमला तेव्हा तेरा वर्षांची होती.

आता मूळ प्रश्नावर येऊ. दुर्गाबाई नाटक कंपनीत आल्याच कशा? हौस म्हणून?

दुर्गाबाईंचं लग्न झालं होतं. नवरा आनंद नानोसकर, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणारा, शिकलेला माणूस. १९०३ च्या सुमारास दोघे वेगळे झाले. पदरात तीन-चार वर्षांची मुलगी. ब्राह्मण घरातली बाई, नवऱ्यापासून वेगळी, माहेरचा आधार नाही. तेव्हा बचत गट होता का, रोजगार हमी होती का? आज आपल्याकडे नवऱ्याने टाकलेली बाई निदान द्राक्षबागेत विरळणीला जाते, कांदे काटायला टोळीत जाते, संध्याकाळी रोज हातात पडतो. दुर्गाबाईंना त्यांच्या जातीतल्या बाईला मोकळे असलेले रस्ते दोन-तीनच होते. लोकांच्या घरी भांडी घासायची, स्वयंपाक करायचा. ते जमलं नाही की अंग विकायचं. या दोन्ही वाटा सोडून त्यांनी तिसरी काढली, फिरत्या नाटक कंपनीत गेल्या. समाजाने त्यांना वाळीत टाकल्यासारखं केलं. पण पोर उपाशी राहिली नाही.

आमच्या मते या सगळ्या गोष्टीत मोठी कोणती गोष्ट असेल तर ही. 'पहिली अभिनेत्री' वगैरे मागाहून लिहिलं गेलं. दुर्गाबाईंनी नाव कमवायला तोंडाला रंग लावला नाही. तो त्यांचा रोज होता, आपला असतो तसा. कंपनीत जेवण मिळायचं, छप्पर मिळायचं, मुलगी डोळ्यांसमोर राहायची. कमला चार वर्षांची असताना स्टेजवर उभी राहिली. शाळा तिला मिळालीच नाही. तिची शाळा म्हणजे नाटकाची पदं, तालमी आणि आईची नजर. लेकराला कामाला लावलं म्हणून कोणी दुर्गाबाईंना नावं ठेवेल. ठेवणाऱ्यांनी ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर आईच्या मागे मागे फिरणारी पोरं बघावीत. तिथे आईपुढे निवड असते असं ज्यांना वाटतं, त्यांना आमचं सांगणं पोचणार नाही.

आणखी एक. मुलगी कमला कामत म्हणूनच ओळखली गेली. आईचं जे आडनाव, तेच लेकीचं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण 'पहिली' हा शब्द फसवा असतो. दुर्गाबाईंच्या आधीही आपल्याकडे बाया लोकांसमोर नाचत-गात होत्या. लांब कशाला, आपल्या शेजारच्या संगमनेर तालुक्यातलं हिवरगाव पावसा घ्या. तिथली पवळा, दलित समाजातली बाई, पठ्ठे बापूरावांच्या तमाशात उभी राहिली आणि तिच्यासाठी लोक लांबलांबून यायचे. पण पवळा उभी राहिली तेव्हा समाज हादरला नाही. तिच्या जातीच्या बाईने नाचायचंच, असं लोकांनी धरलेलं होतं. दुर्गाबाई उभ्या राहिल्या तेव्हा हादरला. दोघींनी एकच केलं, लोकांसमोर उभं राहून आपलं काम चोख केलं. एकीला वाळीत टाकलं, दुसरीला आधीच वेशीबाहेर ठेवलेलं होतं. इतिहासात दोघींची पानं वेगवेगळी आहेत. आम्हाला दोघी एकाच ओळीत बसलेल्या दिसतात.

'मोहिनी भस्मासुर' १९१४ च्या जानेवारीत मुंबईत लागला, कोरोनेशनमध्येच. सोबत 'पिठाचे पंजे' नावाची छोटी विनोदी फिल्म जोडली होती. त्या काळी सिनेमा उन्हावर चालायचा. मोठे दिवे नव्हते, ढग आले की काम बंद. कॅमेऱ्याला दांडा असायचा आणि तो हाताने एका लयीत फिरवायचा, आपण जुन्या काळी विहिरीवर रहाट फिरवायचो तसा. दांडा फिरतोय तोवर नाचायचं. प्रेक्षक समोर नाहीत, टाळी नाही, वन्स मोअर नाही. संगीत नाटकात वाढलेल्या कमलाला हे किती विचित्र वाटलं असेल! गळा हीच जिची कमाई, तिला सांगितलं, गळा नको, नुसतं दिस. आमचं उलट आहे. आम्ही नुसत्या ऐकू येतो.

हा चित्रपट आज बघायला मिळत नाही. त्याची प्रत उरलेली नाही. म्हणजे नाशकात उन्हात नाचलेली ती तेरा वर्षांची मोहिनी कशी दिसली, हे आज कोणीच सांगू शकत नाही.

मायलेकी कंपनीबरोबर पुढच्या गावाला गेल्या. कमलाचं लग्न रघुनाथराव गोखल्यांशी झालं. रघुनाथराव आधी किर्लोस्कर नाटक मंडळीत होते आणि तिथे बायकांची कामं करायचे! मग त्यांचा आवाज फुटला, म्हणजे वयात येताना पोरांचा फुटतो तसा, आणि ते घरच्या कंपनीत आले. आता नवरा नायक आणि बायको नायिका. ज्याने लुगडं नेसून नायिका केल्या तो, आणि जिने खरोखर बाई म्हणून नायिका केल्या ती, दोघे एका संसारात. कंपनी म्हणजेच घर झालं. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीच कमलाबाईंचं नाव नाट्यरसिकांत झालं होतं.

हे फार दिवस टिकलं नाही. कमलाबाई पंचवीस वर्षांच्या असताना रघुनाथराव गेले. त्या वेळी त्या तिसऱ्यांदा गरोदर होत्या. आईला नवऱ्यापासून वेगळं झाल्यावर जे दार उघडावं लागलं, तेच मुलीला विधवा झाल्यावर. १९२५ च्या आसपासचा काळ. विधवेने कोपऱ्यात बसावं, लाल लुगडं नेसावं, कोणाच्या शुभकार्यात पुढे येऊ नये, असा तो काळ. कमलाबाई रंग लावून स्टेजवर गेल्या. बायकांच्याच नाटक कंपनीत त्यांनी चक्क पुरुषांची कामं केली. मिशी लावली, फेटा बांधला. सावरकरांनी अस्पृश्यतेविरुद्ध 'उःशाप' नाटक लिहिलं, त्यातही त्यांनी काम केलं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पुरुष बाई होत होते, आता बाई पुरुष होत होती. पोरं घरी वाट बघत असली की माणूस राजाही होतो आणि राक्षसही होतो.

याच वर्षांत सिनेमाला आवाज आला. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला. गोष्ट पुन्हा हरिश्चंद्राचीच. या वेळी तारामती झाल्या दुर्गा खोटे, शिकलेल्या, बड्या घरच्या. मग वर्तमानपत्रांतून बोलबाला झाला की आता चांगल्या घरच्या बायकाही सिनेमात येऊ लागल्या. दुर्गा खोटे मोठ्या नटी, त्यांच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण 'चांगल्या घरच्या' या शब्दाने त्यांच्या आधी एकोणीस वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या मायलेकी कुठल्या घरच्या ठरल्या? घर नव्हतं म्हणून तर त्या आल्या होत्या.

आणि दादासाहेबांचं म्हणाल तर त्यांनी १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये स्वतःच्या मुलीला उभं केलं. छोटी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली. ज्या कामाला कोणी आपली लेक द्यायला तयार नव्हतं, त्या कामाला त्यांनी आपली दिली, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

कमलाबाईंनी तिन्ही मुलं वाढवली. थोरले चंद्रकांत गोखले नाटक-सिनेमातले नामवंत नट झाले, तेही पोरवयातच स्टेजवर आलेले. लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे वळले. चंद्रकांतांचे चिरंजीव म्हणजे विक्रम गोखले. आता चेहरा डोळ्यांसमोर आला ना? 'या सुखांनो या' मालिका आपल्या घराघरांत लागायची, त्यातले ते. 'अनुमती' चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले तेव्हा बातम्यांतून त्यांच्या आजीचं नाव आलं, आणि आमच्यातल्या काहींनी ते तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. पणजीचं, म्हणजे दुर्गाबाईंचं नाव तर फार थोड्या बातम्यांत होतं. आपल्याकडे घराणं सांगताना बाप-आजा-पणजा असं चढत जातात. या घराण्यात चढत गेलं की वर दोन बायकाच बसलेल्या सापडतात.

कमलाबाई स्वतः सिनेमात पुढेही कामं करत राहिल्या, लहान-मोठी मिळून तीसच्या वर. १९८० सालच्या 'गहराई' या हिंदी चित्रपटातही त्या दिसतात. म्हणजे हाताने दांडा फिरवायच्या कॅमेऱ्यापासून रंगीत चित्रपटापर्यंत एकच बाई. नव्वदीच्या आसपास असताना रीना मोहन या बाईंनी त्यांच्यावर माहितीपट केला, नाव 'कमलाबाई'. थकलेलं शरीर, पण जुन्या नाटकातलं आठवलं की हात उठायचा, मान वळायची. पुढे काही वर्षांनी त्या गेल्या.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेबांचं स्मारक आहे. शाळेच्या सहलीला आपली पोरं तिथे जातात, बागेत फोटो काढतात. पुढच्या वेळी पोरांबरोबर जाल तेव्हा त्यांना दादासाहेबांबरोबर ही तीन नावंही सांगा. सरस्वतीबाई फाळके, दुर्गाबाई कामत, कमलाबाई गोखले.

आता आमचं काम. आपल्या सायखेडा, चांदोरी, गोदाकाठच्या गावांमधे ज्या बायांनी कधी मेळ्यात, कलापथकात, तमाशात, शाळेच्या गॅदरिंगमधे, भारुडात काम केलं, त्यांची वही आम्ही करायला घेतली आहे. कोणाची आजी असेल, चुलतसासू असेल, शेजारची म्हातारी असेल. कोणतं काम केलं, किती साली, कपडे कुठून आणले, घरचे काय म्हणाले, एवढं विचारून घ्या आणि गटाच्या बैठकीला येताना घेऊन या. नाव मात्र त्यांना विचारूनच लिहा. आडनाव लावायचं की नाही, तेही त्यांनाच विचारा.